खेळत असतानाच कोच व्हायची तयारी कशी करायची (तालांत दुशेबायेवची कारकीर्द समोर ठेवून)

हँडबॉल खेळणाऱ्या पोरापोरींना पुढे काय विचारलं की उत्तरं दोनच येतात, एकतर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी नाहीतर कोचिंग, आणि कोचिंगचं म्हणजे काय तर गुडघे गेले की बघू. हा जो "बघू" आहे ना तिथेच सगळं बिघडतं. खेळणं थांबल्यावर तुम्ही शिकवायला उभे राहता तेव्हा खिशात काय असतं, तर आपल्या सरांनी आपल्याकडून जे करून घेतलं तेवढंच, तेच वॉर्मअप, तेच तीन ड्रिल, तीच ओरडायची स्टाइल. त्यात सरांचा दोष नाही, तुम्ही साठवलंच नाही काही.

म्हणून उदाहरण एकच घेऊ पण नीट घेऊ. तालांत दुशेबायेव. युरोपियन हँडबॉल बघणाऱ्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी आधी त्याचा प्रवास एका दमात वाचून घ्या, मग आपण कामाचं काय ते काढू.

१९६८ मध्ये फ्रुंझेला जन्म, म्हणजे आजचं बिश्केक, किर्गिझस्तानची राजधानी, तेव्हा सोव्हिएत युनियन. तिथून मॉस्कोच्या सीएसकेए क्लबला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपर्यंत देशच मोडला होता त्यामुळे ही पोरं युनिफाइड टीम म्हणून उतरली आणि फायनलला स्वीडनला २२-२० ने हरवून गोल्ड घेऊन गेली. पुढच्या वर्षी रशियाकडून वर्ल्ड चॅम्पियन. त्याच सुमारास स्पेनमध्ये सांतांदेरच्या टेका क्लबकडे गेला, १९९४ ला त्यांच्याबरोबर चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या हँडबॉल क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. मग स्पेनचं नागरिकत्व, आणि १९९६ च्या युरोपियन चॅम्पियनशिपच्या फायनलला समोर कोण तर रशिया! ती मॅच स्पेन एका गोलने हरलं. १९९६ आणि २००० अशी दोन ऑलिम्पिक ब्राँझ स्पेनकडून, आणि १९९४ व १९९६ ला जगातला बेस्ट प्लेयर. १९९७ ला जर्मनी, आधी नेटेलश्टेट मग मिंडेन. २००१ ला परत स्पेन, सिउदाद रेआल. २००५ पासून तिथेच प्लेयर-कोच, मग नुसता कोच, २००६, २००८, २००९ अशा तीन चॅम्पियन्स लीग. क्लब माद्रिदला हलला, बंद पडला, २०१४ च्या जानेवारीत हा पोलंडमधल्या किएल्त्सेला गेला आणि २०१६ ला त्यांनाही चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, पोलंडच्या क्लबसाठी ती पहिलीच.

आता हे वाचून "अरे तो जीनियस होता, आपलं काय" असं म्हणून सोडून देऊ नका. जीनियस होताच. पण त्यात ज्या गोष्टी करण्यासारख्या आहेत त्या बघू.

पहिलं म्हणजे पोझिशन. तालांत सेंटर बॅक होता, प्लेमेकर. या माणसाला बाकीचे पाच जण पुढच्या दोन सेकंदात कुठे असणार हे माहीत असावं लागतं, म्हणजे अर्धं कोचिंग तो खेळतानाच करत असतो. तुम्ही विंगर (कडेला खेळणारा) असाल, पिव्होट (समोरच्या डिफेन्सच्या मध्ये उभा राहणारा) असाल, तर पोझिशन बदला असं मी म्हणत नाहीये. पण प्रॅक्टिसमध्ये आठवड्यातून एकदा तरी सरांना सांगून सेंटरला उभे राहा, शेवटची दहा मिनिटं का होईना. तिथे उभं राहिल्यावर कळतं की विंगरला बॉल का येत नाही, तो रुसून बसतो तेव्हा सेंटरवाल्याला नक्की काय दिसत असतं. गोलकीपर असाल तर उलट तुमची मजा आहे, पूर्ण कोर्ट तुमच्यासमोर असतं, फक्त तोंड उघडा, डिफेन्सशी बोला, कोण बाहेर निघालं कोण मागे राहिलं ते ओरडून सांगायची सवय लावा.

दुसरं, मॅच बघायची पद्धत. आपण बघतो ती गोल बघतो. कोच व्हायचं असेल तर गोल झाल्यावर व्हिडिओ मागे घ्या. फुल मॅच बघायची गरजच नाही, दहा मिनिटं पुरे, पण अशी बघा. सेंटर बॅकच्या हातात बॉल आला, तो नऊ मीटरच्या लाइनजवळ आला, तिथे पॉज. समोर ६-० डिफेन्स (सहाही जण गोलसमोर एका रांगेत) असेल तर बाहेरून मोजा, एक विंगजवळचा, दोन त्याच्या आतला, तीन मधला, आणि दुसऱ्या बाजूनेही तसंच. आता बघा पिव्होट कुठे उभा आहे, दोन आणि तीनच्या मध्ये की दोन्ही तीनच्या मध्ये. सेंटरने लेफ्ट बॅकला पास दिला आणि त्याच्या पाठीमागून पळाला, म्हणजे क्रॉसिंग झालं, आता त्यांच्या दोनवाल्याने काय केलं? स्वतःच्या माणसाबरोबर गेला की बाजूच्याशी माणूस बदलला? बदलला असेल तर वेळेत बदलला का? गोल जो होतो तो बहुतेक वेळा या अर्ध्या सेकंदाच्या उशिरामुळे होतो, नंतर जोरात मारणारा आपल्याला दिसतो आणि त्याचं नाव होतं. तुमच्या वहीत मारणाऱ्याचं नाव नको, उशीर कोणाला झाला त्याचं हवं. असे आठ-दहा अटॅक लिहून काढलेत की पुढच्या वेळी स्वतः डिफेन्सला उभे असताना फरक जाणवेल, हे अगदी खात्रीने सांगू शकतो.

वहीवरून आठवलं, वही ठेवाच. मोबाइलमधल्या नोट्स चालतील पण कोर्टाचं चित्र काढायला कागद बरा पडतो. प्रत्येक सरांचा, प्रत्येक कॅम्पचा जो ड्रिल आवडला तो एका पानावर, किती पोरं लागतात, किती बॉल, किती मिनिटं चालला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोरं नक्की कुठे चुकत होती आणि सर त्यावर काय बोलले. न आवडलेले ड्रिलही लिहा. का नाही आवडला ते शेजारी लिहा. पाच वर्षं खेळलात आणि एवढं केलंत तर कुठल्याही कोर्सला जायच्या आधीच तुमच्याकडे स्वतःचा साठा असतो.

मग येतं फिरणं. तालांत चार-पाच देशांत राहिला त्यात मला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग जर्मनीचा वाटतो. दोनदा जगातला बेस्ट प्लेयर ठरलेला माणूस गेला कुठे, तर नेटेलश्टेट आणि मिंडेन, दोन्ही वेस्टफालियातली छोटी ठिकाणं, एकमेकांच्या शेजारीच म्हणा ना. ट्रॉफ्यांच्या हिशोबाने बघितलं तर या वर्षांवर कोणी फारसं बोलत नाही. पण सोव्हिएत शाळेतलं पासिंग आणि पळणं त्याच्याकडे होतंच, स्पेनमध्ये पुढे येऊन खेळायचा डिफेन्स बघितला, आणि जर्मनीत दर आठवड्याला धडका खाऊन खेळणं म्हणजे काय ते कळलं. तीन वेगळ्या पद्धती एकाच डोक्यात. २००५ ला तो बेंचवर बसला तेव्हा समोरची टीम जर्मन असो की रशियन असो, त्यांना काय शिकवलंय हे त्याला आतून माहीत होतं.

आपल्याकडे युरोप नसला तरी फिरायला जागा आहे. जिल्ह्याच्या टीममधून पोलीस, रेल्वे, सर्व्हिसेस, युनिव्हर्सिटी, जिथे चान्स मिळेल तिथे जा आणि जाताना स्वतःला विचारा की इथल्या सरांकडे असं काय आहे जे मला येत नाही. २०२३ ला जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला सीझन झाला, तो महाराष्ट्र आयर्नमेननी जिंकला, तिथे परदेशी प्लेयरही खेळले. अशा ठिकाणी राखीव म्हणून जरी बसायला मिळालं तरी ते बाहेरचे वॉर्मअपला काय करतात, हाफटाइमला आपसात काय बोलतात हे सगळं फुकटात बघायला मिळतं. बेंचवर बसून मोबाइल बघणारे मला कळतच नाहीत.

भाषेचं मात्र लोक विसरतात. तालांत रशियन बोलत वाढला, मग स्पॅनिश, पुढे पोलंडमध्ये कोचिंग, आणि किएल्त्सेच्या टाइमआउटचे व्हिडिओ बघा, एकाच मिनिटात दोन-तीन भाषा मिसळून बोलत असतो, ज्याला जे सांगायचं त्याला त्याच्या भाषेत. इथे पुण्यात किंवा नागपुरात शिकवताना मराठी चालून जाईल, पण उद्या एखाद्या साई (स्पोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया) सेंटरला लागलात तर समोर हरयाणाची पोरं, मणिपूरच्या पोरी, तिथे "अरे पुढे निघ ना, त्याला धर" म्हणून काय होणार. साधारण तीसेक सूचना काढा ज्या आपण रोज ओरडतो, त्या हिंदीत आणि सोप्या इंग्रजीत एक किंवा दोन शब्दांत बसवा, आणि तेच शब्द रोज वापरा. रोज नवीन शब्द वापरणारा कोच पोरांना झेपत नाही.

आता टाइमआउट. यावर जरा थांबतो कारण नवीन कोच इथेच उघडा पडतो. नियम असा की एका टीमला मॅचमध्ये तीन टाइमआउट, एका हाफमध्ये जास्तीत जास्त दोन, आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकच. बॉल आपल्याकडे असताना हिरवं कार्ड टेबलवर ठेवायचं. मिळतो एक मिनिट, त्यात पन्नास सेकंदाला सिग्नल वाजतोच, आणि पोरं धापा टाकत येऊन उभी राहीपर्यंत दहा सेकंद गेलेले असतात. म्हणजे तुमच्या हातात खरे चाळीस. या चाळीस सेकंदांत आपल्याकडे काय होतं, तर आधी कोणाला तरी शिव्या, मग "लक्ष द्या, डोकं शांत ठेवा, पास द्या, घाई नको", आणि वेळ संपते. यातली एकही गोष्ट पोरगं कोर्टवर जाऊन करू शकत नाही, कारण करायचं काय तेच सांगितलेलं नाही.

असं करा. पहिले काही सेकंद गप्प, पाणी पिऊ द्या. मग डिफेन्सची एक गोष्ट, एकच, म्हणजे "त्यांचा राइट बॅक आत वळतोय, दोनवाला आधीच बाहेर ये" इतकी नेमकी. मग अटॅकची एक गोष्ट, कुठली मूव्ह आणि संपवणार कोण, नाव घेऊन. पॅसिव्हचा हात वर गेला (म्हणजे टीम गोलसाठी न जाता नुसता वेळ काढतेय असा रेफ्रीने इशारा दिला) की २०२२ पासून चारच पास मिळतात, आधी सहा मिळायचे, त्यामुळे चार पासांत संपणारी एक मूव्ह टीमच्या डोक्यात पक्की हवी आणि तिला नाव हवं, नाव उच्चारलं की झालं. याची प्रॅक्टिस करता येते बरं का. शाळेच्या पोरांच्या मॅचला टाइमआउट घेताना मोबाइल खिशात रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि घरी जाऊन ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते, वाटू दे, फक्त किती सूचना दिल्या ते मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर पुढच्या वेळी कमी करा.

२०१६ ची चॅम्पियन्स लीगची कोलोनची फायनल यासाठीच बघा. हंगेरीचं व्हेस्प्रेम २८-१९ ने पुढे, पंधराएक मिनिटं उरलेली. साठ मिनिटं संपली तेव्हा स्कोर २९-२९! एक्स्ट्रा टाइमला ३५-३५, आणि पेनल्टीवर किएल्त्से जिंकलं. सगळे याला जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतात. मला त्यातला हिशोब जास्त आवडतो. त्या वेळात किएल्त्सेने दहा गोल केले हे खरं पण दिला किती, तर एक. नऊ गोलांनी मागे असताना नुसते गोल करून काही होत नाही, साधारण एका टीमला मॅचमध्ये पन्नास-साठ अटॅक मिळतात, म्हणजे पंधरा मिनिटांत जेमतेम तेरा ते पंधरा. समोरच्याने त्यातले निम्मे जरी मारले तरी तुम्ही मेलात. म्हणजे आधी डिफेन्स बंद, मगच बाकी. तेव्हा तुमच्या वहीत एक पान असं असू द्या, पंधरा मिनिटं उरली आणि आपण सहा-सातने मागे आहोत, आता कुठला डिफेन्स लावणार, कोणाला काढणार, कोणाला आत घेणार. हे शांत डोक्याने घरी बसून लिहायचं, बेंचवर सुचत नाही.

प्लेयर-कोचचं काय? २००५ ते २००७ तालांतने दोन्ही केलं, २००६ ची चॅम्पियन्स लीग तशीच जिंकली. दिसायला भारी आहे पण माझं मत विचाराल तर आपल्या लेव्हलला शक्यतो टाळा. कोर्टवर असताना टाइमआउट कोण घेणार, तुम्हालाच दोन मिनिटं सस्पेन्शन झालं तर टीमशी कोण बोलणार, आणि तुम्ही वाईट खेळत असाल तर तुम्हाला बाहेर कोण काढणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. त्यापेक्षा सीनियरला खेळत असतानाच अंडर-१४ ची एखादी शाळेची टीम घ्या, मुलींची असेल तर अजून बरं, कारण तिथे तुमची ताकद दाखवून काही शिकवता येत नाही, समजावूनच सांगावं लागतं. सकाळी त्यांची प्रॅक्टिस, संध्याकाळी तुमची. दमायला होतं, पण दोन सीझन असे काढले की तुम्हाला स्वतःलाच कळतं हे आपल्याला जमतंय की नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पटियालाच्या एनआयएसचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्सचा) कोचिंग डिप्लोमा आहे, त्यात हँडबॉल हा विषय असतो, सरकारी कोचच्या जाहिरातींमध्ये तो मागतात. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो, ज्यांना वर्षभर सुट्टी मिळत नाही त्यांनी तो बघावा. शाळेत लागायचं असेल तर बीपीएड लागेलच. इंटरनॅशनल फेडरेशनची लायसन्स डी, सी, बी, ए अशी चढत जातात, आपल्याकडे कोर्स लागला की सोडू नका. युरोपमध्ये त्यांचं वेगळं मास्टर कोच लायसन्स आहे, ते आत्ता डोक्यात घ्यायची गरज नाही.

पैशाची बाजू कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. सिउदाद रेआल हे ला मांचामधलं मध्यम शहर, तिथला क्लब युरोपवर राज्य करत होता. २००८ ला फायनलची पहिली मॅच घरच्या कोर्टवर जर्मनीच्या कीलकडून २७-२९ हरले आणि कीलमध्ये जाऊन ३१-२५ ने मारून आले. २००९ ला परत कीलच, तिथे ३४-३९ हरले, घरी ३३-२७, दोन्ही मिळून ६७-६६, एका गोलने कप. आणि असा क्लब २०११ ला उचलून माद्रिदला नेला, अॅटलेटिको नाव लावलं, २०१३ च्या उन्हाळ्यात पैसे संपले आणि बंद. तीन युरोपियन कप जिंकलेला कोच, हातात टीम नाही. पुढचं काम जानेवारी २०१४ ला. तालांतच्या बाबतीत असं होऊ शकतं तर आपल्या गल्लीतल्या अॅकॅडमीचं काय घेऊन बसलात. कोचिंगला हो म्हणताना महिने किती, मानधन किती, कुठल्या तारखेला, टूर्नामेंटचा प्रवासखर्च कोणाचा हे कागदावर घ्या, निदान मेसेजवर तरी लिहून घ्या. दर सीझनला अनुभवाचं पत्र मागून घ्या, नंतर संस्थेचा सेक्रेटरी बदलतो आणि कोणी ओळख देत नाही. आणि स्पोर्ट्स कोट्याची नोकरी असेल तर कोचिंगच्या भरवशावर ती सोडू नका, कोणी कितीही मोठी स्वप्नं दाखवू दे.

दोन दगडांवर पाय ठेवायचा मोहही होतो. तालांतने क्लब सांभाळून २०१४ ते १६ हंगेरीची नॅशनल टीम बघितली, मग पोलंडची, रिओ ऑलिम्पिकला पोलंड चौथं आलं, सेमीफायनल डेन्मार्ककडून एक्स्ट्रा टाइममध्ये गेली. २०१७ ला त्याने ती टीम सोडली, किएल्त्से मात्र धरून ठेवलं. शाळेची टीम आणि जिल्ह्याची टीम दोन्ही घेणार असाल तर तारखा आधी शेजारी मांडून बघा, निवड चाचणीच्या आठवड्यात शाळेची फायनल आली की दोन्हीकडचे पालक तुमच्या नावाने ओरडतात.

पालकांवरून, स्वतःचं पोर टीममध्ये असेल तर? अॅलेक्स आणि दानी, तालांतची दोन्ही मुलं किएल्त्सेला त्याच्याच हाताखाली खेळली, स्पेनकडूनही खेळली. पण अॅलेक्स तिथे यायच्या आधी मॅसिडोनियाच्या वार्दारकडून २०१७ ची चॅम्पियन्स लीग जिंकून आला होता, त्यामुळे बापाने घेतलं असं म्हणायला जागाच नव्हती. आपल्याकडे हे करता येतं, मुलाला आधी दोन वर्षं दुसऱ्या सरांकडे पाठवा. आणि निवड करताना त्याच्या नावावर बोलायचं काम असिस्टंटला द्या.

हरण्याचंही बघून घ्या. किएल्त्सेची २०२२ ची चॅम्पियन्स लीग फायनल बार्सिलोनाकडून पेनल्टीवर गेली, २०२३ ची माग्देबुर्गकडून एक्स्ट्रा टाइममध्ये ३०-२९. लागोपाठ दोन वर्षं इतक्या जवळून, आणि माणूस तिथेच, त्याच क्लबमध्ये, पुढच्या सीझनच्या प्रॅक्टिसला हजर. हरल्यावर त्याच रात्री टीमशी लांबलचक बोलू नका, दुसऱ्या दिवशी आधी एकटे व्हिडिओ बघा, आणि कुठले चार-पाच अटॅक वाया गेले तेवढंच काढून दाखवा.

आणि पहिली कोचिंगची ऑफर आली की ग्राउंड बघायला स्वतः जा. कोर्ट ४० बाय २० मीटरचं पूर्ण आहे का, गोलपोस्ट जमिनीला बांधलेले आहेत का (हे आधी बघा, पोरं लटकतात), सावली आहे का, आणि बॉल किती आणि कुठले. पुरुषांचा तीन नंबर ४२५ ते ४७५ ग्रॅम, बायकांचा दोन नंबर ३२५ ते ३७५, आणि लहान पोरांचा एक नंबर तीनशेच्या आसपास. बऱ्याच शाळांत तीन नंबरचे जुने, हवा गेलेले सहा बॉल असतात आणि दहा-अकरा वर्षांच्या पोरांनी त्यानेच शिकावं अशी अपेक्षा असते, त्यात त्यांचा हात बॉलला नीट बसत नाही, मग ती खांद्याने ढकलायला लागतात आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. एक नंबरचे निदान दहा बॉल मागा, संस्थेने आणून दिले की मग तारीख ठरवा.